क्लिअर स्टॅम्पचा ठसा तुटक येतो आणि फोटोवर पुसला जातो, काय बदलावं?

क्लिअर स्टॅम्प म्हणजे पारदर्शक, ठोकळ्यावर चिकटवून वापरायचा स्टॅम्प. तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. बाळाच्या स्क्रॅपबुकच्या पानांवर ठसा मधे मधे तुटतो, आणि फोटोवर मारला की बोट लागताच पुसला जातो. दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि महागडा नवा संच घेऊन एकही सुटणार नाही. आधी ठसा कशावर मारायचाय ते ठरवा, मग त्यावर चालणारी शाई घ्या. स्टॅम्पची निवड सगळ्यात शेवटी.

फोटोचं आधी सांगते. लॅबमधून आलेला चकचकीत फोटो कागदासारखी शाई शोषत नाही. साधी डाय शाई (विरघळलेल्या रंगाची, ऑफिसचा स्टॅम्प पॅडही त्यातलाच) त्यावर नुसती तरंगते. तिथे स्टेझऑनसारखी सॉल्व्हंट शाई लागते. तिच्यातलं द्रावण उडून जातं आणि रंग पृष्ठभागाला धरतो, म्हणून ती प्लॅस्टिक, काच, फॉइल यांवरही बसते. तरीही फोटोची दुसरी प्रत हाताशी नसेल तर त्यावर थेट ठसा मारूच नका, हात हलला की फोटो गेला. पांढऱ्या कार्डस्टॉकच्या (जाड, ताठ कागदाच्या) पट्टीवर ठसा मारा, कापा आणि फोटोच्या कडेला चिकटवा. दिसतंही जास्त नीटस.

पानांसाठी गुळगुळीत, आम्लमुक्त कार्डस्टॉक घ्या, २०० ते २५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा). हातकागद दिसतो सुंदर, पण त्याच्या खडबडीतपणामुळे बारीक रेघ हमखास तुटते. मोठे, ठसठशीत आकारच त्यावर मारावेत.

शाईत सुरुवातीला एकच घ्यायची असेल तर काळी पिगमेंट शाई (न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची) घ्या, व्हर्साफाइनसारखी. रेघ बारीक येते, रंग डायपेक्षा जास्त टिकतो आणि वाळल्यावर वरून जलरंग फिरवले तरी पसरत नाही. अल्कोहोल मार्करने रंगवणार असाल तर मात्र मेमेंटोसारखी डाय शाई हवी. स्टेझऑनवर ते मार्कर फिरवले की काळं सगळीकडे ओढलं जातं. पावसाळ्यात पिगमेंट शाई वाळायला बराच वेळ घेते, तेव्हा पान रात्रभर उघडंच ठेवा.

आता तुटक ठसा. नव्या क्लिअर स्टॅम्पवर कारखान्यातला तेलकट थर असतो, त्यावर शाईचे थेंब जमतात आणि मधली जागा कोरी राहते. पांढऱ्या खोडरबराने उठावाचा भाग हलक्या हाताने घासा, तकाकी जाऊन तो किंचित मॅट दिसेपर्यंत. ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. याने बहुतेक संच सुधारतात. फोटोपॉलिमर (चांगल्या क्लिअर स्टॅम्पचं प्लॅस्टिक) असेल तर नक्कीच, स्वस्त सिलिकॉनचा असेल तर थोडाफारच. सिलिकॉन मुळातच शाई झटकतं, त्याच्यावर वेळ घालवू नका.

ठसा मारताना शाईचा पॅड खाली ठेवून त्यावर स्टॅम्प दाबू नका. स्टॅम्प ब्लॉकवर (पारदर्शक ठोकळ्यावर) चिकटवून उताणा धरा आणि पॅडनेच त्यावर पाच-सहा हलक्या टिचक्या द्या. उजेडात तिरपं धरून बघा, कोरडा भाग चटकन कळतो. ब्लॉकच्या कडेला लागलेली शाई पुसा, नाहीतर ठशाभोवती डागांची चौकट उमटते. कागदाखाली पातळ फोमशीट किंवा जुना माउसपॅड ठेवा. ब्लॉक सरळ खाली टेका, डुलवू नका, तळव्याने तीन-चार सेकंद दाबा, दुसऱ्या हाताने कागद धरून सरळ वर उचला. डुलवलं की दुहेरी रेघ येते आणि फार जोर दिला की क्लिअर स्टॅम्प पसरून रेघ जाड होते. लाल रबराच्या स्टॅम्पला थोडा जास्त जोर चालतो. ब्लॉक स्टॅम्पपेक्षा जेमतेम मोठा असावा.

निवडताना खोली बघा. रेघांमधली खाच उथळ असेल तर शाई तळाशी बसते आणि फुलाच्या पाकळ्या भरून येतात. पहिल्या खरेदीत तारखेचा स्टॅम्प, अंकांचा संच आणि एक-दोन बाह्यरेखेच्या नक्ष्या पुरे. पानभर पार्श्वभूमीचे मोठे स्टॅम्प मोहक असतात, पण सगळीकडे सारखा दाब देणं अवघड. कापडछपाईचे लाकडी ठसे कागदावर वापरायचे असतील तर पॅड उपयोगाचा नाही. ओलसर स्पंजवर ॲक्रिलिक रंग पसरून त्याने ठसा भरा आणि कागदाखाली घोंगडीची जाड घडी ठेवा.

मराठी मजकुराचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढे विचारालच. सुट्या अक्षरांचे देवनागरी संच कटकटीचे. शिरोरेषा जुळत नाही, वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढते. त्यापेक्षा शिक्के बनवणाऱ्याकडून ‘बारसं’, ‘पहिलं पाऊल’, ‘उष्टावण’ असे अख्खे शब्दच करून घ्या. फोटो न देता वेक्टर फाइल (मोठी केली तरी कडा न फाटणारी) द्या. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’सारखा मोकळा फाँट, जरा जाड वजनात, अक्षराची उंची किमान ७ मिलिमीटर. त्याहून लहान केलं की ‘ष’चं पोट भरतं आणि अनुस्वार नुसता डाग होतो. आणि दुकानदाराला स्पष्ट सांगा की आत शाई भरलेला शिक्का नको, मुठीचा साधा रबरी हवा. शाईवाल्यात दुसरा रंग वापरता येत नाही.

एम्बॉसिंग पावडर (ओल्या शाईवर टाकून वितळवली की ठसा उठावदार करणारी) वापरायची झाली तर हेअर ड्रायर चालत नाही. त्याची उष्णता कमी पडते आणि झोत पावडर उडवतो. हीट गनच लागते, तीही पानावर फोटो चिकटवण्याआधी. आधी कागदावर टाल्कमचा बोळा फिरवा, नाहीतर भलतीकडे चिकटलेले कण वितळून ठिपके राहतात.

काम झालं की लगेच ओल्या, अल्कोहोल नसलेल्या वाइपने पुसा. रंगाचा डाग राहिला तरी ठशात फरक पडत नाही. स्टेझऑन पाण्याने निघत नाही, तिचा वेगळा क्लीनर येतो, पण तो फोटोपॉलिमरवर सारखा वापरू नका. म्हणून त्या शाईसाठी लाल रबराचाच स्टॅम्प ठेवलेला बरा. क्लिअर स्टॅम्प मूळच्या प्लॅस्टिक शीटवर चिकटवून बंद डब्यात ठेवा, उन्हात ते पिवळे पडून कडक होतात.