नागपुरात वस्तीपातळीवर मधुमेह-बीपी रोखण्याच्या कामाला सरकारी पैसा मिळतो का?

मिळतो, पण वस्तीत काम करणाऱ्या तुमच्यासारख्या मंडळाच्या खात्यात थेट सहसा येत नाही. हे काम राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात येतं. हा कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के, महाराष्ट्राचा ४०. दरवर्षी जिल्हा आणि महापालिका आपला आराखडा राज्याकडे पाठवतात, त्यात जे बसलं त्यालाच पैसे. म्हणून आराखडा बनत असतानाच महापालिकेच्या आरोग्य विभागाला भेटा, मंजुरीनंतर जाऊन फारसं काही हाती लागत नाही.

तुमच्यासाठी खरी वाट म्हणजे महिला आरोग्य समिती, म्हणजे वस्तीतल्याच बायांचा गट. शहरी गरीब वस्तीत साधारण ५० ते १०० घरांमागे एक, आणि तिला वर्षाला ५,००० रुपयांचा मुक्त निधी, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणारा पैसा. रक्कम तुटपुंजी आहे, मला ते खटकतंच. पण निर्णय वस्तीतल्या बायांच्या हाती असतो, हे मोलाचं.

तपासणीवर मात्र खर्च करू नका. तिशीपुढच्या प्रत्येकाची बीपी, साखर, तोंडाचा कर्करोग आणि बायांसाठी स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी केंद्रात मोफत आहे. आशाताई घरी येऊन आजाराचा धोका जोखणारा फॉर्म भरतात, त्यात ज्यांचे गुण ४ च्या वर जातात त्यांना आधी तपासणीला बोलावतात. तुमचा जोर लोकांना तिथवर नेण्यावर हवा. आपल्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा पानठेल्या-पानठेल्यावर मिळतो, तेव्हा तोंडाच्या तपासणीपासूनच सुरुवात करा.