वास येत नाही म्हणजे अन्न चांगलंच ना? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : रात्रीचा भात ओट्यावर तसाच राहिला होता. सकाळी वास घेऊन बघितला, मस्त होता, तरी रिस्क नको म्हणून चांगला वाफ येईपर्यंत गरम केला आणि खाल्ला. दोन-तीन तासांत उलट्याच उलट्या. एवढं गरम केल्यावर जंतू मरत नाहीत का?

मरतात हो. पण जंतूंनी मागे सोडलेलं विष मरत नाही ना, सगळा घोळ तिथेच आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा बॅक्टेरिया असू शकतो, त्याचे बीजाणू (म्हणजे कडक कवचातलं झोपलेलं रूप) इतके चिवट असतात की भात शिजताना बाकीचे बहुतेक जंतू मरतात आणि हे शिल्लक राहतात, मग भात कोमट झाला की हे जागे होतात, रात्रभर आरामात वाढतात, आणि त्यातले काही प्रकार उलटी आणणारं विष तयार करतात. हे विष १२१ अंश सेल्सिअसलाही टिकतं, म्हणजे तुम्ही गॅसवर काहीही केलंत तरी ते जाणार नाही. खाल्ल्यावर साधारण अर्ध्या तासापासून सहा तासांत उलट्या सुरू होतात. तुमच्या केसमध्ये हेच झालं असं इथे बसून छातीठोक सांगता येणार नाही, पण वेळेचं गणित बरोबर जुळतंय. स्टॅफिलोकॉकस नावाचा दुसरा एक बॅक्टेरियापण असाच, तो माणसाच्या नाकात, हातावरच्या जखमेत असतो, तिथून अन्नात येतो आणि त्याचंही विष उकळून जात नाही.

आता वासाचं. वास, चव, चिकटपणा आणणारे जंतू बहुतेक वेळा वेगळेच असतात आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. आंबूस वास आला तर फेकून द्या हे बरोबरच आहे, पण वास आला नाही म्हणून खायला हरकत नाही हे मात्र अजिबात खरं नाही, आणि माझ्या मते घराघरातली सगळ्यात महागात पडणारी समजूत हीच आहे. नाकापेक्षा घड्याळावर विश्वास ठेवा. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, म्हणून शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मोठ्या पातेल्यात गच्च भरलेला भात मधून थंड व्हायलाच खूप वेळ लागतो, तो पसरट भांड्यात थोडा थोडा काढून ठेवला तर पटकन निवतो. पूर्ण गार होईपर्यंत बाहेर ठेवायची गरज नाही, वाफ गेली की फ्रिजमध्ये टाका. भात दुसऱ्या दिवशी संपवा, बाकीचं शिजवलेलं तीन-चार दिवसांत. आणि फ्रिज जंतू मारत नाही, फक्त त्यांना हळू करतो, लिस्टेरिया नावाचा बॅक्टेरिया तर फ्रिजमध्येही वाढतो, म्हणून गरोदर बायकांनी शिळ्या थंड पदार्थांबाबत जास्तच जपायचं.

पुन्हा असं झालं तर थोडं थोडं ओआरएस पीत राहा. लघवी एकदम कमी झाली, शौचातून रक्त पडलं, जोरात ताप आला, किंवा पेशंट लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर घरी प्रयोग नकोत, सरळ डॉक्टर.

प्रश्न : मी बरीच वर्षं दूध, अंडं काहीच घेत नाही. हिमोग्लोबिन छान आहे पण हातापायाला मुंग्या येतात, टेस्टमध्ये बी-१२ खूप कमी आलं. मैत्रीण म्हणते स्पिरुलिना घे, गोळ्या कशाला?

मैत्रिणीचा हेतू चांगला असेल पण ऐकू नका. बी-१२ कुठलीच वनस्पती तयार करत नाही, प्राणीपण नाही, ते फक्त सूक्ष्मजीवच करतात, आणि मांस, मासे, अंडी, दूध यांतून ते आपल्यापर्यंत पोचतं. स्पिरुलिना म्हणजे पाण्यातलं शेवाळासारखं काहीतरी, त्यात बी-१२ सारखं दिसणारं पण आपल्या शरीराला न चालणारंच जास्त असतं. म्हणजे तुमच्यासारख्यांसाठी मार्ग दोनच, बी-१२ मुद्दाम घातलेले पदार्थ नाहीतर सप्लिमेंट, आणि टेस्टमध्ये कमी आलंच आहे तर पहिल्यांदा डॉक्टर जो डोस देतील तो, मग इंजेक्शन असो की गोळी.

मोठ्या माणसाला रोज जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम लागतं, हे इतकं थोडं आहे की लोकांना खरंच वाटत नाही. लिव्हरमध्ये त्याचा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे खाणं बदलल्यावर लगेच काहीच होत नाही, माणूस म्हणतो बघा मला काही फरक पडला नाही, आणि मग सावकाश मुंग्या, तोल जाणं, विसरणं सुरू होतं. हिमोग्लोबिन छान आहे म्हणून निश्चिंत राहू नका. शरीरात फॉलिक अ‍ॅसिड (हेही बी गटातलंच एक व्हिटॅमिन) भरपूर असेल तर रक्त ठीक दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं, ते फार लांबलं तर पूर्ण भरून येत नाही. आणखी एक, डायबेटिसची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तर बी-१२ नीट शोषलं जात नाही, मग मांसाहारी माणसालाही कमतरता होते. अशी काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आठवणीने सांगा.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा, वजन ६० किलो, जिम सुरू केलीय. म्हणतो रोज १५० ग्रॅम प्रोटीन पाहिजेच, पावडरीवर पावडरी आणतोय. एवढं लागतं का?

नाही लागत. साध्या माणसाला किलोमागे ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ४८ ग्रॅम. मेहनतीचा व्यायाम करणाऱ्याला १.२ ते २ ग्रॅम, म्हणजे त्याला फार तर १२०. त्यावरचं प्रोटीन स्नायू होत नाही, ते साधं इंधन म्हणून वापरलं जातं नाहीतर चरबी म्हणून साठतं, ग्रॅममागे ४ कॅलरी, कार्बोहायड्रेटइतकंच. (फॅटमध्ये ९.) किडनीचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवायचंच नाही.

आणि पावडरच पाहिजे असंही नाही. शरीराला बाहेरूनच मिळवावी लागतात अशी नऊ अमिनो अ‍ॅसिडं (प्रोटीन ज्यांचं बनतं ते छोटे घटक) आहेत, अंडी, दूध, मांस यांत ती सगळी भरपूर असतात. त्यातलं लायसिन धान्यात कमी पडतं, मिथिओनिन डाळी-कडधान्यांत कमी, दोन्ही खाल्लं की एकमेकांची उणीव भरून निघते, त्याच घासाला खायला पाहिजे असंही नाही, दिवसभरात पोटात गेलं की झालं. मुलाला रागावू नका मात्र, या वयात खाण्याचा विचार करतोय हेच खूप आहे.

प्रश्न : लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर चालते का? सकाळी तेवढाच वेळ मिळतो.

नको. चहा-कॉफीतली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात, कॅल्शियमची गोळीपण आडवी येते. एक-दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उलट चांगली शोषली जाते, पालेभाज्या-डाळींतल्या लोहालाही व्हिटॅमिन सी अशीच मदत करतं.

प्रश्न : व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं ना?

सगळं नाही जात. ए, डी, ई आणि के ही फॅटमध्ये विरघळणारी, यातलं ए आणि डी तर शरीरात साठत जातं. डी चे मोठे डोस मनाने घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीवर येतं, गरोदरपणात ए चे मोठे डोस बाळाला घातक. पाण्यात विरघळणारी सगळीच निरुपद्रवी असंही नाही, बी-६ च्या हाय डोस गोळ्या खूप दिवस घेतल्या तर नसांना इजा होते, म्हणजे मुंग्यांसाठी म्हणून घेतलेल्या गोळीनेच मुंग्या यायला लागतात! लेबल वाचा, कारण दोन वेगवेगळ्या गोळ्यांत तेच व्हिटॅमिन असतं आणि बेरीज कोणी करत नाही.

प्रश्न : ब्रेडच्या एका स्लाइसला बुरशी आली, तेवढा तुकडा काढून बाकीचं खाल्लं तर?

पूर्ण पॅकेट टाका. दिसते ती वरची बुरशी, मऊ पदार्थात तिचे तंतू आतपर्यंत गेलेले असतात. कडक चीज असेल तर भोवतालचं अडीच सेंटीमीटर कापून बाकीचं चालतं. शेंगदाणे आणि मक्याच्या बाबतीत मात्र अजिबात काटकसर नको, त्यावरच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, त्याने लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो आणि भाजून-शिजवून ते पुरतं जात नाही. बुरशी आलेले दाणे जनावरांनाही घालू नका, त्यांनाही ते बाधतं आणि गाईच्या पोटातून दुधात उतरतं.