वाचक विचारतात : जाळीकाम सुरू करायचे आहे, पण साधने थोडी आहेत

प्रश्न : मी नुकताच नोकरीतून निवृत्त झालो असून फ्लॅटच्या बाल्कनीत एक जुने टेबल ठेवण्याइतकीच जागा आहे. लाकडात नक्षी कापण्याचे काम शिकण्याची फार दिवसांची इच्छा आहे. परंतु स्क्रोल सॉ या यंत्राची किंमत पाहून धीर होत नाही. यंत्राशिवाय आरंभ करता येईल का, आणि येत असेल तर प्रथम काय घ्यावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : यंत्राशिवाय आरंभ करता येतो, आणि आमच्या मते तसाच करावा. स्क्रोल सॉ हे यंत्र जे काम करते तेच काम हाताची फ्रेटसॉ, म्हणजे इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या लोखंडी चौकटीत ताणून बसवलेले बारीक पाते, अधिक संथपणे करते. आणि नवशिक्याला हा संथपणाच उपयोगी पडतो, कारण पाते रेषेवरून सरकू लागले की ते लगेच ध्यानात येते. चौकट घेताना तिची खोली पाहावी. पाते आणि चौकटीची मागची बाजू यांतील अंतर साधारण १२ इंच असेल, तर तितक्या आतपर्यंत कापता येते. दुकानदार पुष्कळदा तिच्याऐवजी कोपिंग सॉ पुढे करतात. तिची खोली निम्म्याहून कमी असते आणि पातेही जाड असते, त्यामुळे जाळीच्या कामाला ती घेऊ नये.

चौकटीइतकीच महत्त्वाची वस्तू विकत मिळत नाही, ती घरीच करावी लागते. सहा सुती, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा साधारण ८ इंच लांब व ४ इंच रुंद तुकडा घ्यावा, त्याच्या एका टोकाला सुमारे ३ इंच खोल अशी व्ही आकाराची खाच पाडावी आणि खाच बाहेर राहील अशा रीतीने तो टेबलाच्या कडेला सी-क्लॅम्पने घट्ट आवळावा. कापायचे लाकूड या खाचेवर आडवे ठेवून डाव्या हाताने दाबून धरायचे आणि पाते खाचेच्या आत उभे चालवायचे, असा हा सारा मामला आहे. क्लॅम्प हलत असेल तर चांगले पातेही टिकत नाही. बसण्याची खुर्ची थोडी बुटकी असावी, म्हणजे ही फळी छातीच्या जवळपास येते आणि मान न वाकवता रेषा दिसते.

पाते लावताना दातांची टोके खाली, मुठीच्या दिशेला असली पाहिजेत. मूठ फळीखाली राहते आणि कापणी हात खाली येताना होते; त्यामुळे लाकूड फळीवर दाबले जाते, उचलले जात नाही. पात्याचे एक टोक आवळल्यावर चौकट टेबलाच्या कडेला टेकवून छातीने किंचित दाबावी आणि त्याच स्थितीत दुसऱ्या टोकाचा विंगनट आवळावा. दाब सोडला की पाते ताणले जाते, आणि नखाने छेडल्यास एकतारीसारखा स्वच्छ नाद येतो. आवाज बद्द आला तर पुन्हा ताणावे. सैल पाते वळणावर वाकते, कड तिरपी कापली जाते आणि शेवटी ते तुटते. नवशिक्यांची बहुतेक पाती याच कारणाने जातात.

यापुढचे सारे कौशल्य एका सवयीत आहे : करवत आपल्या जागी उभी चालत राहावी आणि वळायचे ते लाकूड. टोकदार कोपऱ्यापाशी आल्यावर पुढे रेटणे थांबवावे, पण हात थांबवू नये. पाते जागच्या जागी वरखाली होत असताना लाकूड हळूहळू फिरवावे, म्हणजे पात्यापुरती जागा मोकळी होते आणि ते नव्या दिशेला वळते. आतली भोके कापताना प्रत्येक भोकात आधी गिरमिटाने बारीक छिद्र पाडावे, पात्याचे वरचे टोक सोडवून त्यातून ओवावे आणि पुन्हा ताणावे. आतली बारीक भोके आधी आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी कापावी, कारण कड कापून झाली की हाताने दाबून धरायला लाकूडच उरत नाही.

पैसे वाचवायचे असतील तर ते पात्यांवर वाचवू नयेत. ती डझनाने मिळतात. एक सुती, ३ मिलिमीटरच्या प्लायसाठी १ किंवा २ क्रमांकाचे आणि दोन सुतीसाठी ३ क्रमांकाचे पाते पुरते. क्रमांक वाढत जातो तसे पाते रुंद आणि दात मोठे होत जातात. लाकडाच्या जाडीत एका वेळी निदान दोन-तीन दात राहिले पाहिजेत, एवढा हिशोब ध्यानात ठेवावा. गावात ही पाती न मिळाल्यास सोनारी साहित्याच्या दुकानातली पाती लांबीने याच चौकटीत बसतात, परंतु ती धातूसाठी केलेली असतात. त्यांच्या बारीक दातांत भुसा अडकतो आणि काम फार रेंगाळते.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे. महाराष्ट्राच्या नकाशाचे, प्रत्येक जिल्हा सुटा करता येईल असे लाकडी कोडे वर्गासाठी करावयाचे आहे. हाताच्या करवतीने ते जमेल का?
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : अवश्य जमेल, आणि या कलेच्या दृष्टीने आपण मुळाशीच हात घातला आहे. जिगसॉ कोड्यांचा आरंभ नकाशांपासूनच झाला असे मानतात. लंडनमधील जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने १७६०च्या दशकात नकाशा पातळ लाकडी फळीवर चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला होता, आणि तोही भूगोल शिकवण्यासाठीच.

दोन सुती प्लाय घ्यावा. एक सुतीचे तुकडे लहान मुलांच्या बोटांना उचलता येत नाहीत. स्वस्त प्लायच्या आतल्या थरांत पोकळ्या असतात आणि नेमक्या तिथेच अरुंद टोके मोडतात, म्हणून वखारीत कड नीट पाहून तुकडा निवडावा. नकाशाच्या कागदाला फेविकॉलचा अगदी पातळ हात द्यावा, बुडबुडे मधून कडेकडे सारून काढावेत आणि वर सपाट वजन ठेवून रात्रभर वाळू द्यावे. सीमारेषांमधले अतिबारीक नागमोडी बाक आधीच पेन्सिलीने थोडे सौम्य करून घ्यावेत. भूगोलाच्या काटेकोरपणाला यात थोडा धक्का बसतो खरा, परंतु कापलेले टोक पहिल्याच आठवड्यात मोडण्यापेक्षा ते बरे.

कापण्याचा क्रम असा ठेवावा. सीमेवर एके ठिकाणी छिद्र पाडून प्रथम राज्याची संपूर्ण बाह्यरेषा कापावी. उरलेली चौकट दुसऱ्या पातळ प्लायवर चिकटवली की तीच कोड्याची बैठक होते. त्यानंतर राज्याचे एकदम जिल्हे न करता आधी कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर या सहा महसुली विभागांचे सहा मोठे तुकडे करावेत आणि मग एकेका विभागातले जिल्हे सोडवावेत. त्यामुळे हातातला तुकडा कधीच फार मोठा राहत नाही आणि चौकटीची खोली अपुरी पडत नाही. शिवाय कोडे विभागवार मांडून शिकवता येते. शेजारच्या दोन जिल्ह्यांची रेषा एकाच कापात होत असल्याने पाते सतत उभे राहिले पाहिजे, नाहीतर तुकडा एका बाजूने बसतो आणि दुसऱ्या बाजूने अडकतो.

जिल्हे ३६ असले तरी तुकडे ३५ करावेत. नकाशा दीड फूट रुंद घेतला तरी मुंबई शहर जिल्ह्याचा तुकडा सेंटीमीटरभरही होत नाही. तो हरवेल किंवा एखादे मूल तोंडात घालेल. शहर आणि उपनगर मिळून एकच तुकडा ठेवून त्यावर दोन्ही नावे लिहावीत, आणि वर्गात अगदी लहान मुले असतील तर तोही ठाण्याला जोडून टाकावा. तुकड्यांच्या कडा काचकागदाने फार घासू नयेत, कारण पात्याच्या जाडीने जी फट पडते तेवढीच पुरेशी असते. मागच्या बाजूला उठलेली कूस मात्र २२० नंबरच्या कागदाने हलकेच काढावी.

प्रश्न : माझ्याकडे हातात धरून चालवायची विजेची जिगसॉ आहे. ती टेबलाखाली उलटी बसवून तिचाच स्क्रोल सॉ करता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बसवता येते, पण नाजूक कामासाठी बसवू नये. तिचे पाते रुंद असते आणि एकाच टोकाला धरलेले असते. त्यामुळे ते लहान वळण घेऊ शकत नाही आणि जाड लाकडात मोकळे टोक बाजूला सरून कड तिरपी होते. शिवाय टेबलावर उघडे राहिलेले पाते बोटांना धोक्याचे असते. बाहेरची मोठी कड तिने नेहमीच्या पद्धतीने कापून घ्यावी आणि आतली जाळी हाताने करावी.

प्रश्न : मी जुना स्क्रोल सॉ विकत घेतला आहे. सरळ रेषा कापतानाही लाकूड तिरके जाते आणि पाती वारंवार तुटतात. यंत्रात दोष असेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तिरके जाणे हा बहुधा यंत्राचा दोष नसतो. पुष्कळ पाती पत्र्यातून ठोकून काढलेली असतात. त्यांच्या एका बाजूला बारीक धार उठलेली राहते आणि ती बाजू अधिक कापते. लाकूड सरळ रेटण्याऐवजी किंचित कोन करून सरकवावे. तो कोन हाताला लवकरच समजतो. पाते तुटण्याची कारणे मात्र तपासली पाहिजेत : ताण कमी आहे का, लाकूड जोराने ढकलले जात आहे का, आणि पात्याची धार केव्हाच गेलेली आहे का. लाकूड काळे पडून जळका वास येऊ लागला की पाते बदलावे. आपले यंत्र केवळ पिनेची, म्हणजे टोकांना आडवी पिन असलेली पाती घेत असेल तर ती पिन ओवण्यासाठी छिद्र मोठे पाडावे लागते आणि फार बारीक जाळी त्यावर होत नाही. साध्या टोकाच्या पात्यांचे धारक त्या यंत्राला मिळत असल्यास ते बसवून घ्यावेत. यंत्राखाली जाड रबरी चटई घातल्यास खालच्या मजल्यावर जाणारी धडधड कमी होते.

प्रश्न : थर्माकोलवर बंदी आल्यापासून गणपतीचे मखर घरीच लाकडात करावे असे मनात आहे. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू चिकटवून व दाबून केलेली फळी, चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कापायला एमडीएफ सोपा असतो आणि त्याला रेषांचा अडथळा नसतो, परंतु त्याचा भुसा पिठासारखा बारीक असतो व त्यात चिकटद्रव्याचा अंश असतो, म्हणून बंद खोलीत आणि एन-९५ मुखपट्टीशिवाय तो कापू नये. ओलसर फुलांनी व पाण्याच्या शिंतोड्यांनी तो फुगतो, तेव्हा रंगाचा हात सर्व बाजूंनी, कापलेल्या कडांना तर दोनदा द्यावा. मखराचे दोन्ही खांब सारखे यावेत यासाठी दोन फळ्या दुहेरी चिकटपट्टीने एकमेकींवर चिकटवून एकत्रच कापाव्यात आणि त्यांच्या जाडीच्या बेरजेनुसार एक-दोन क्रमांक मोठे पाते घ्यावे.