जॅझ पियानोवादक सेसिल टेलरची सुरुवातीची रेकॉर्डिंग ऐकायची आहेत, कुठून सुरुवात करू?

थेट १९५६ च्या 'जॅझ अ‍ॅडव्हान्स'पासून. टेलरचा हा पहिला अल्बम, बॉस्टनमध्ये ध्वनिमुद्रित झालेला. बासवर ब्यूएल नाइडलिंगर, ड्रमवर डेनिस चार्ल्स आणि काही तुकड्यांत सोप्रानो सॅक्सोफोनवर स्टीव्ह लेसी. त्यातली जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकची 'बेम्शा स्विंग' ही रचना आधी ऐका. मूळ चाल ओळखीची असेल तर टेलर तिचं काय करतो ते लगेच कळतं: चाल मोडतो, तिचे तुकडे वेगवेगळ्या सप्तकांत फेकतो, मध्येच सुरांचे घट्ट पुंजके आपटतो. खाली बास आणि ड्रम मात्र नेहमीचा स्विंग, म्हणजे जॅझचा झुलता ठेका, सोडत नाहीत. ही ओढाताणच मला या काळातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. गीतकार-संगीतकार कोल पोर्टरचं 'यूड बी सो नाइस टू कम होम टू' हे गाणं टेलर एकट्याने वाजवतो, तेही चुकवू नका.

१९५८ चं 'लुकिंग अहेड!' नंतर ऐकलं तरी चालेल. १९६० चं 'द वर्ल्ड ऑफ सेसिल टेलर' मात्र नक्की ऐका, त्यात तरुण सॅक्सोफोनवादक आर्ची शेप आहे.

मग १९६२ ची कोपनहेगनच्या कॅफे मॉन्मार्त्रमधली मैफल. जिमी लायन्सचा ऑल्टो सॅक्सोफोन, सनी मरेचे ड्रम, बास नाहीच. इथे मरे बांधीव ठेका सोडून देतो. समेची वाट पाहू नका, आवाजाच्या लाटा मोजा. पहिल्यांदा दमायला होतं, म्हणून एका बैठकीत एकच तुकडा घ्या.