अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या ब्यूटच्या खाणीत पास्टीला 'घरचं पत्र' का म्हणत?

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत आलेल्या कामगारांसाठी पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेली करंजी, हा थेट गावाकडचा पदार्थ, म्हणून डबा उघडताना तिला गमतीने 'घरचं पत्र' म्हणायची पद्धत पडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे आयरिश, फिनिश, इटालियन असे सगळेच होते आणि पास्टी सगळ्यांनीच उचलली. कारण सरळ आहे: काटा-चमचा लागत नाही, मळक्या हातानेही खाता येते. डबा कप्प्यांचा असे. तळाला चहा, वर पास्टी. खाली मेणबत्ती धरली की दोन्ही गरम.

आकार आपल्या मोठ्या करंजीचा, कडेला मुरडही तशीच, पण जाड. आत गोमांस, बटाटा, कांदा, मीठ-मिरी, सगळं कच्चंच भरायचं. बटाटा उकडून घातला तर लगदा होतो. मोठे तुकडे केले तर मांस शिजतं आणि बटाटा कच्चा राहतो, म्हणून पातळ काप. वर वाफेसाठी छोटी चीर हवीच, नाहीतर मुरड फुटून रस ट्रेमध्ये. २०० अंशांवर २० मिनिटं, मग १७० वर साधारण ४० मिनिटं.

एक मात्र सांगतो: खाणीत हाताला लागलेलं आर्सेनिक हे विष पोटात जाऊ नये म्हणून मुरड धरून खायची आणि फेकून द्यायची, ही लोकप्रिय गोष्ट डोळे झाकून मानू नका. कॉर्नवॉलच्या जुन्या फोटोंत कामगार कागदात किंवा कापडी पिशवीत धरून खाताना दिसतात, आणि तशी धरली तर टाकायला काही उरत नाही.