धुरकट की धुरी दिलेली?

प्रश्न असा आहे: 'स्कॉटलंडच्या प्रवासावरचा एक लेख मराठीत आणतो आहे. त्यात एका व्हिस्कीला 'स्मोकी सिंगल माल्ट' म्हटलंय. मी 'धुरकट एकेरी माल्ट' लिहिलं, पण वाचताना बरं वाटत नाही. दुसरा काही शब्द आहे का?'

तुमच्या कानाला खटकलं ते योग्यच आहे. दोन्ही शब्द चुकले आहेत, आणि दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी 'धुरकट' घेऊ. अर्थाने तो जवळ आहे. चुलीवर ओल्या लाकडांनी घात केला की आजी म्हणायची, 'चहा धुरकटला गं.' दूध धुरकटतं, पिठलं धुरकटतं. पण हे सगळं बिघडल्याचं बोलणं आहे. शेवटचा 'कट' बघा: मळकट, तेलकट, कळकट, मातकट, पोरकट. हा प्रत्यय लागला की मराठीत बहुधा नापसंती येते. धूर नको होता, तरी लागला, असा 'धुरकट'चा भाव आहे. त्यातून आता हा शब्द नाकापेक्षा डोळ्यांकडे जास्त झुकलाय. धुरकट काच, धुरकट सकाळ. 'करपट' तर मुळीच नको, तो भांड्याच्या बुडाचा वास.

मुद्दाम दिलेल्या धुराला आपल्याकडे वेगळा शब्द आहे: धुरी. बाळ-बाळंतिणीला ओव्याची, वेखंडाची धुरी देतात. मठ्ठ्यात वाटीत निखारा ठेवून वर तूप सोडतात, झाकण लावतात, तीही धुरी. धुरी 'लागत' नाही, 'देतात', आणि आपल्याला हवं आहे ते नेमकं या क्रियापदात आहे.

कारण या व्हिस्कीतला धूर दिलेलाच असतो, आणि तो दारूला नव्हे, धान्याला. जव भिजवून त्यांना मोड आणतात. मोड येताना धान्यातली विकरं जागी होतात आणि पुढे स्टार्चची साखर करतात. बाळासाठी नाचणीला मोड आणून, सुकवून, दळणाऱ्या घरांना हे सांगायला नको. असं मोड आणून वाळवलेलं धान्य म्हणजे माल्ट. मोड वेळेवर थांबवायला उष्णता लागते, आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या आयला बेटावर जळणासाठी झाडं थोडी, पीट मात्र अमाप. पीट म्हणजे दलदलीत शेवाळ आणि झुडपं हजारो वर्षं अर्धवट कुजून साचलेला थर. तो विटांसारखा कापून, वाळवून जाळतात. ओलसर जवाच्या सालीला त्याचा धूर धरतो, धान्य वाळलं की फारसा धरत नाही. पुढची सगळी चव या काही तासांत ठरते.

म्हणून धुराचं मापही धान्यावरच घेतात. धुरातली फिनॉल गटातली द्रव्यं माल्टच्या दहा लाख भागांत किती भाग आहेत ते मोजतात. आयलाच्याच दोन व्हिस्क्या घ्या: लागावुलिनच्या माल्टमध्ये हा आकडा 35 च्या आसपास असतो, ऑक्टोमोरच्या बहुधा 100 च्याही वर. बाटलीत उतरेपर्यंत त्यातलं बरंच गळून गेलेलं असतं. तुमच्या लेखात पुढे कुठे या चवीला इंग्रजीतला 'मेडिसिनल' असा शब्द आला, तर 'औषधी' लिहू नका. मराठीत औषधी म्हटलं की गुण देणारं, औषधी वनस्पतीसारखं. इथे म्हणायचं असतं ते जंतुनाशकाने पुसलेल्या फरशीबद्दल, म्हणजे सरळ 'दवाखान्याचा वास'. तो या फिनॉलांचाच वास आहे.

आता 'एकेरी'. एकेरी दोरा असतो, एकेरी संबोधन असतं. इथला 'सिंगल' माल्टला लागूच नाही. तो भट्टीला लागतो. एकाच भट्टीत, फक्त मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या भांड्यांत गाळलेली आणि ओकच्या पिंपांत किमान तीन वर्षं मुरवलेली, ती स्कॉच सिंगल माल्ट. एका बाटलीत बहुधा त्या भट्टीच्या कितीतरी पिंपांचं मिश्रण असतं, म्हणून 'एका पिंपाची' म्हणणंही चूक. सरकारी मराठीत भट्टीला 'आसवनी' हा फार देखणा शब्द आहे. मला तो आवडतो, पण प्रवासवर्णनात 'भट्टी'च बरी. 'हातभट्टी'मुळे तिला आलेला डाग पुसायची ही चांगली संधी आहे.

खुद्द 'व्हिस्की' या शब्दाबद्दल विचारलेलं नाही, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. गेलिक भाषेतल्या 'उश्का बेहा'चं हे आखूड रूप. अर्थ 'जीवनाचं पाणी', लॅटिन 'ॲक्वा व्हिटी'चं सरळ भाषांतर. स्कॉटलंडच्या राजाच्या हिशेबात 1494 साली फ्रायर (ख्रिस्ती साधू) जॉन कोर यांना ॲक्वा व्हिटी करण्यासाठी आठ बोल (धान्याचं जुनं माप) माल्ट दिल्याची नोंद आहे. 'उश्का बेहा'तला 'उश्का' आपल्या 'उदक'च्या कुळातला आणि 'बेहा' हा 'जीव', 'जीवित' यांच्या. आपल्याकडे तर 'जीवन' या एकाच शब्दाला दोन्ही अर्थ आहेत, म्हणून पाणीपुरवठा बघणारं खातं 'जीवन प्राधिकरण'. बंगळूरच्या भट्टीने 2004 साली ग्लासगोत आपली सिंगल माल्ट आणली तिचं नाव 'अमृत'. त्यांच्या 'फ्यूजन'मध्ये भारतीय जव आणि पीटची धुरी दिलेले स्कॉटिश जव एकत्र येतात. गोव्यात पॉल जॉनची भट्टीही स्कॉटलंडचं पीट आणून जवाला धुरी देते. म्हणजे हा शब्द आपल्या किनाऱ्यावरही लागणारच आहे.

तेव्हा पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे मी असं लिहीन: 'पीटची धुरी दिलेल्या जवाची, एकाच भट्टीतली सिंगल माल्ट.' नंतर नुसतं 'धुरीची माल्ट' पुरे. आणि आयलाचं स्पेलिंग बघून 'इस्ले' लिहिलं असेल तर तेवढं बदला, त्यातला 'स' उच्चारत नाहीत.