मेहुण्याचे १३१, माझे १५०

"मॅडम, एकच रस्ता, एकच स्पीड, वय पण सारखंच. मेहुण्याचं १३१ अन् माझं १५०. आत काय तर बिघडलंय बघा."

हृदयाचे मिनिटाचे ठोके दाखवणारी मनगटावरची घड्याळं स्वस्त झाल्यापासून हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वारंवार येतं. कधी आकडे वेगळे, कधी मेहुण्याऐवजी शेजारी, एकदा तर सख्खी बायको. खाली जे लिहिते आहे ते अशा चार-पाच जणांचं मिळून एक माणूस आहे. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशीलही बदलले आहेत.

हे गृहस्थ ४६ वर्षांचे. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाचा कारखाना, वजन ८२ किलो, सायकल सुरू करून सव्वा वर्ष झालेलं. मेहुणा ४७ चा, ६४ किलोचा, आठ वर्षं सायकल चालवणारा. रविवारी दोघं तुळजापूरला जायचे. एकदा घाटात यांच्या घड्याळावर १९२ आलं, पडद्यावरचा मेहनतीचा रंग लाल झाला, आणि सायकल तिथेच टेकवून हे झाडाखाली बसले. घड्याळाच्या हिशेबानं यांच्या ठोक्यांची कमाल १७४ होती. "कमालीच्याही वर गेलो म्हणजे फाटायचंच बाकी होतं की!"

माझ्याकडे येण्याआधी ते हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन आले होते. ईसीजी, इको, टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून घेतात ती हृदयाची तपासणी) सगळं व्यवस्थित. पण रिपोर्टनं चिंता वाढवलीच. टीएमटी १४८ ठोक्यांवर थांबवली होती. पुष्कळ ठिकाणी ही तपासणी वयानुसार काढलेल्या कमालीच्या ८५ टक्क्यांना पोचली की थांबवतात, आणि १७४ चे ८५ टक्के म्हणजे १४८. यांनी अर्थ लावला तो असा : डॉक्टरांनी १४८ ला थांबवलं, म्हणजे माझी मर्यादा १४८. मग सपाट रस्त्यावरचे १५० सुद्धा धोक्याचे. तपासणीचा टप्पा आणि शरीराची मर्यादा यांची अशी गल्लत मी इतक्यांदा पाहिली आहे की आता रिपोर्ट हातात घेतला की आधी तोच आकडा शोधते.

पहिल्या भेटीत मी त्यांना नुसतं घड्याळ बघायला सांगितलं. ७८. "आता पुन्हा बघा." ८४. तिसऱ्यांदा ९१. खुर्चीतून ते हललेही नव्हते. दिवसातून किती वेळा बघता, असं विचारल्यावर म्हणाले, मोजलं नाही. माणूस अंक बघून घाबरतो, घाबरला की अंक वाढतो, वाढलेला अंक बघून आणखी घाबरतो. हे चक्र तोडायला धीराचे शब्द पुरत नाहीत. माझा भर नेहमी एकाच गोष्टीवर असतो : अंक बाजूला ठेवायचा आणि त्याला आपण लावलेला अर्थ तपासायचा.

तिसऱ्या भेटीत ते घडलं.

"१५० होते तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"सायकल चालवलालो की."

"तोंडानं काय करत होतात?"

थोडं थांबून म्हणाले, "पोरीच्या स्थळाचं सांगत होतो मेहुण्याला. हिप्परग्यापासून तामलवाडीपर्यंत."

"धाप लागली होती?"

"नाही... सगळं सांगून झालं की."

मग मी विचारलं, तुमच्याकडे रुंद पन्ह्याचा, म्हणजे रुंद कापड विणणारा, माग आहे का? आहे म्हणाले. मिनिटाला त्याचा आडवा धागा नेणारा धोटा किती वेळा जातो? अरुंद मागापेक्षा कमी. मग तो माग जास्त चांगला, की अरुंद माग बिघडलेला? ते हसले. "कशाला बिघडतोय? रुंद माग एका फेरीत जास्त कापड भरतो. अरुंदाला फेऱ्या जास्त लागतात." एवढं बोलले आणि स्वतःच गप्प झाले. छातीवर हात गेला. म्हणाले, "हाच अरुंद पन्ह्याचा आहे म्हणा की."

हे उदाहरण मी त्यांना दिलं की त्यांनी मला, हे ठरवणं कठीण आहे. पुस्तकात हृदयाच्या एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडतं याचं जे सांगितलेलं असतं, ते सगळं त्या वाक्यात होतं. बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. एका ठोक्याला ७० मिली टाकणाऱ्याला त्यासाठी ७० ठोके लागतात, १०० मिली टाकणाऱ्याला ५०. सलग पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या मिगेल इंदुराईनचे विश्रांतीचे ठोके २८ सांगितले जातात. हृदयाचा हा पन्हा थोडा जन्मानं मिळतो, थोडा सरावानं वाढतो. कमाल ठोके मात्र सरावानं वाढत नाहीत, ते वयानं हळूहळू उतरतात. म्हणजे कमाल जास्त असणं हा तंदुरुस्तीचा पुरावा नाही आणि कमी असणं हा दोषही नाही.

मग कागदावर गणित मांडलं. घाटात यांचे जास्तीत जास्त १९२ दिसले होते, तेही छातीला बांधून ठोके मोजणाऱ्या, घड्याळाला जोडलेल्या पट्ट्यावर, मेहुण्याचे कितीही जोर लावला तरी १६८. १५० भागिले १९२ म्हणजे ७८ टक्के. १३१ भागिले १६८, तेही ७८ टक्के. दोघं अगदी सारखीच मेहनत करत होते. मग घड्याळ यांना नारिंगी आणि त्याला हिरवं का दाखवत होतं? कारण घड्याळानं दोघांनाही '२२० वजा वय' हे एकच माप लावलं होतं. ते सूत्र पुष्कळ माणसांची सरासरी आहे. दर तिघांतल्या एकाची खरी कमाल त्यापासून १० ते १२ ठोक्यांहूनही जास्त दूर असू शकते. तयार शर्टाच्या मापासारखं आहे ते, गळ्याला बसलं तर नशीब.

तेव्हा घड्याळात आपला आकडा भरायचा. कमाल शोधायला जीव तोडायची गरज नाही. चाळिशीच्या पुढे, बीपी-शुगर असेल किंवा घरात हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी घ्या. मग पहाटे मोकळा, सिग्नल नसलेला रस्ता निवडा, अक्कलकोट रोड चालेल. १५ मिनिटं अंग गरम करायचं, नंतर ३० मिनिटं एकट्यानं, तेवढा वेळ टिकवता येईल अशा जास्तीत जास्त जोरात, एकसारखं चालवायचं. पहिल्या पाच मिनिटांत उसळी मारली की चाचणी वाया जाते, सगळ्यांची चूक हीच असते. शेवटच्या २० मिनिटांची सरासरी लिहून ठेवायची. यांची १७० आली. तिच्या ८१ ते ८९ टक्के म्हणजे १३८ ते १५१, हा लांब अंतराचा, गप्पा मारता येणारा पट्टा. यांचे १५० त्यातच बसतात. पुरी वाक्यं बोलता येत असतील तर पट्टा बरोबर, तीन-चार शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर तुम्ही वर गेलात.

आकडाच खोटा असेल तर पुढचं सगळं खोटं. मनगटाचं घड्याळ हँडलच्या धक्क्यांनी आणि वाकलेल्या मनगटानं फसतं. ते हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा, पण कोरडा लावला तर घाम सुटेपर्यंत भलतेच आकडे देतो. इलेक्ट्रोड पाण्यानं ओले करून मग लावा. शंका आली तर थांबा, मानेच्या एकाच बाजूला हलकी बोटं ठेवून १५ सेकंद मोजा आणि चारनं गुणा.

आणि सोलापूरचं ऊन! एप्रिलमध्ये दीड तासानंतर त्याच वेगाला १५० चे १६२ होतात. रक्त कातडीकडे वळतं, घामानं पाणी कमी होतं, एका ठोक्यात रक्त कमी पडतं, म्हणून ठोके वाढतात. साडेपाचला निघा, तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी प्या, लांब जायचं असेल तर त्यात चिमूटभर मीठ टाका. मे महिन्याचे आकडे डिसेंबरच्या आकड्यांशी लावू नका. तशीच पावसाळ्यातली तुळजापूरहून परती, समोरून वारा असतो. यांचं अंग मोठं, म्हणून पुढे हेच आणि मागे आडोशाला मेहुणा. त्याचे ठोके कमी दिसण्यात यांच्या पाठीचाही वाटा होता, हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

मेहुणा खरोखर तयारीचा आहे, हेही मी लपवलं नाही. घाटमाथ्यावर थांबल्यावर एका मिनिटात त्याचे ४० ठोके उतरतात, यांचे २४. तो फरक सरावाचा. आता यांच्या वहीत तीनच नोंदी असतात : सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी, हिप्परगा-तामलवाडीला लागलेला वेळ आणि त्याची सरासरी, आणि ते एक मिनिट. सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात-आठनं जास्त असेल तर त्या दिवशी सायकल नाही. झोप अपुरी, येऊ घातलेला ताप, आदल्या दिवशीचा अतिरेक, यातलं काहीतरी असतं. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, चक्कर, ठोके चुकणं, किंवा विश्रांतीत सतत १०० च्या वर, यातलं काहीही असेल तर वही बाजूला ठेवून तडक डॉक्टर गाठायचा. तिथे समुपदेशकाचं काम नाही.

पाच महिन्यांनी तेच अंतर, तोच वेळ, सरासरी १४३. यांनी तो आकडा मला फोनवर सांगितला आणि लगेच फोन दुसऱ्याच्या हातात दिला.

"मॅडम, मी मेहुणा बोललालो. माझे १६८ च्या वर जातच नाहीत. काय प्रॉब्लेम नाही ना?"

बीपीची गोळी चालू आहे का, हे मी आधी विचारलं. काही गोळ्यांनी ठोके दबतात. नाही म्हणाले. चक्कर, अंधारी? नाही. मग म्हटलं, तुमच्या दाजींना विचारा, ते पन्ह्याचं समजावून सांगतील.